एक गोळी, एच. एस.

आमच्या घराण्यात पहिली पदवी मी मिळवली, आणि त्या पदवीचा पहिला बळी माझे बाबा ठरले.

पदवी म्हणजे बी.कॉम., हायर सेकंड क्लास. (यातला 'हायर' मी कधी गाळत नाही.) आजोबांनी आयुष्यभर अंगठा उठवला, बाबा सातवीपर्यंत गेले, आईची शाळा पाठच्या भावंडांना सांभाळण्यात दुसरीतच संपली. त्यामुळे माझं सर्टिफिकेट हातात आलं त्याच संध्याकाळी बाबांनी ते लॅमिनेट करून आणलं, जणू पदवीला ओल लागणार होती. भांडुपच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीत ते भिंतीवर गणपतीच्या शेजारी लागलं. जागा पुरेना म्हणून गणपती थोडा डावीकडे सरकला.

तेव्हापासून गल्लीत येणारा प्रत्येक कागद आधी माझ्याकडे यायला लागला. वीजबिल, रेशनचा फॉर्म, बँकेचं पत्र, शाळेची नोटीस. आणि 'मला माहीत नाही' हे वाक्य मला येतच नव्हतं. तीन वर्षं कॉलेजात घालवली ती काय 'माहीत नाही' म्हणायला? न कळलेला कागदसुद्धा मी चष्मा वर सरकवून, दोनदा हंऽ हंऽ करून, ठामपणे समजावून द्यायचे. तोवर नशिबाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

आता बाबांची झोप. ती कधी बिघडली असं विचारलंत तर बिघडली नाही, ती फक्त भलत्या वेळी यायची. तरुणपणी ते गिरणीत रात्रपाळीला होते. गिरणी बंद पडल्यावर बावीस वर्षं कुठल्या ना कुठल्या गेटवर रात्रीचे वॉचमन. म्हणजे ज्या वेळी साऱ्या मुंबईने उशीला डोकं टेकवायचं, त्या वेळी आमच्या बाबांनी शिट्टी फुंकायची. गेल्या वर्षी त्यांना मुलुंडच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमनचं काम मिळालं. दिवसपाळी, डोक्यावर पंखा, बसायला स्टूल. अख्ख्या गल्लीने अभिनंदन केलं. बाबांची बदली दिवसपाळीत झाली, पण त्यांच्या झोपेला बदलीची ऑर्डर कुणी पोचवलीच नाही.

रात्री ते टक्क जागे. नुसते जागे असते तर चाललं असतं, पण बाबा जागेपणी स्वस्थ बसूच शकत नाहीत. एका आठवड्यात त्यांनी मिक्सर उघडून जोडला, स्टोव्हच्या पिना साफ केल्या, आईचा मिसळणाचा डबा अकारविल्हे लावला (आई अजून हळद शोधते), आणि माझ्या चपलेच्या ज्या अंगठ्याला काहीही झालं नव्हतं तो शिवून टाकला. आणि दुपारी लिफ्टमधल्या स्टुलावर बसले की दहाव्या मिनिटाला हनुवटी छातीवर.

टॉवरची लिफ्ट नवीकोरी. तिच्यात एक न दिसणारी बाई इंग्रजीतून मजले सांगते. बाई म्हणायची, "फिफ्थ फ्लोअर." मागोमाग बाबा म्हणायचे, "पाचवा. सावकाश, आंटी." बाबांना ती बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही. "बोलता खूप, पन हात लावूक जाना नाय," हे त्यांचं तिच्याबद्दलचं मत. कमिटीला मात्र नेमकी ती बाई पसंत होती. बटणं लोकांना दाबता येतात, मजले बाई सांगते, मग स्टुलावरचा माणूस कशाला? म्हाताऱ्या रहिवाशांना आधार लागतो म्हणून बाबा टिकले होते. त्यांच्या हातच्या पिशव्या बाबा घ्यायचे, दार धरायचे, आणि ग्राउंडपासून सातव्या मजल्यापर्यंतच्या वेळात माझ्या बी.कॉम.ची संपूर्ण हकिगत सांगायचे. माझ्या सर्टिफिकेटची एक झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून युनिफॉर्मच्या खिशात असायची. नवा भाडेकरू आला की पिशवी बाहेर.

आणि मग एक दिवस बाबांनी डुलकीत पाचव्या मजल्याच्या डिसोझाआंटींना अकराव्यावर नेऊन सोडलं. आंटी ऐंशीच्या. आपलंच दार समजून त्यांनी दुसऱ्याच्या कुलपाशी पंधरा मिनिटं झटापट केली.

आंटींनी तक्रार केली नाही. अकराव्या मजल्याने केली. सेक्रेटरी छेडाभाई, माणूस मनाने बरा, पण त्यांच्यावर कमिटी बसलेली. त्यांनी बाबांना ऑफिसात बोलावून सांगितलं, "परबकाका, एक महिना देतो. झोपेचं काय ते करा. महिन्याच्या शेवटी मीटिंग आहे, तेव्हा मला तुमच्या बाजूने बोलता आलं पाहिजे."

बाबा घरी आले ते युनिफॉर्म न काढताच बसून राहिले. साठीच्या माणसाला दुसरं काम कोण देणार, हे ते बोलले नाहीत, पण त्या रात्री त्यांनी काहीही उघडलं नाही, काहीही शिवलं नाही. नुसते दारात बसले. मला तेच बघवलं नाही.

आईने आधी घरगुती उपाय केले. दुधात जायफळ. बाबांना दूध आवडलं, त्यांनी दुसरा पेला मागितला आणि पहाटेपर्यंत जागे राहिले. तळपायाला खोबरेल तेल. त्याने बाबा मोरीपाशी घसरले. शेजारच्यांनी सुचवलं, उशीखाली खसखशीची पुरचुंडी ठेवा. बाबा उठून ती निवडत बसले. शेवटी मी हुकूम काढला, डॉक्टर.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले, पण बाबांचा नंबर लागला त्याच क्षणी माझ्या ऑफिसातून फोन आला. (मी अंधेरीला एका कुरिअर कंपनीत बिलिंग बघते. माझ्याशिवाय तिथे पान हलत नाही, असा माझा समज आहे.) मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून एका बिलावरून भांडत होते तोवर बाबा तपासून बाहेरही आले. हातात चिठ्ठी.

"बाय, ह्या काय लिवलाहा ता वाच बघू," बाबा म्हणाले. "डाक्टर झोपताना घे असा कायतरी बोललो."

मी चिठ्ठी घेतली. वर गोळीचं नाव, ते तर देवालाही वाचता आलं नसतं. त्याच्यापुढे स्वच्छ अक्षरात: 1 HS. आणि पुढे पंधरा दिवस.

एच. एस. मी चष्मा वर सरकवला. हंऽ हंऽ केलं. आमचे डॉक्टर उत्तरेकडचे, तीस वर्षं भांडुपात. त्यांची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी मराठी. 'काळजी मत करो', 'दो दिवस बाद या' असं बोलणारा माणूस. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बाबा, सोपं आहे. एच म्हणजे हर, एस म्हणजे सकाळी. हर सकाळी एक गोळी."

बाबा जरा घुटमळले. डॉक्टर तर झोपताना म्हणाले, असं पुन्हा पुटपुटले. तेव्हा मी त्यांना जे वाक्य ऐकवलं ते आजही घरात कुणी उच्चारलं की मी मोरीत जाऊन भांडी घासायला लागते. मी म्हणाले, "तोंडी काय बोलतात त्याला अर्थ नसतो बाबा. लेखी काय आहे ते बघायचं."

केमिस्टकडे तर मी कहरच केला. त्या भल्या माणसाने गोळ्या पाकिटात घातल्या, पेन उचललं आणि म्हणाला, "ताई, ही गोळी ना..." मी त्याला तिथेच अडवलं. म्हटलं, मला वाचता येतं. ग्रॅज्युएट आहे मी. त्याने पेन खाली ठेवलं. त्या पेनाची टोपी लावल्याचा 'टक्' असा आवाज मला अजून ऐकू येतो.

घरी आईने शंका काढली. आई दुसरी नापास, पण तिच्या शंका बारावी सायन्सच्या असतात.

"झोपेची गोळी सकाळी? मगे चाय रात्री करू काय?"

मी तिला समजावलं. औषध असं लगेच लागू पडत नसतं, ते अंगात मुरावं लागतं. तू कैरीचं लोणचं घातलंस की त्याच दिवशी वाढतेस का? सकाळी घेतलेली गोळी दिवसभर मुरते आणि रात्री काम करते. लोणच्याच्या दाखल्यापुढे तिचं काही चालत नाही हे मला ठाऊक होतं. बाबांनी तर विश्वासाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, चहाबरोबर, पहिली गोळी घेतली.

त्या दिवशी ते मुलुंडला उतरलेच नाहीत. बसमध्ये बसले आणि थेट डेपोत जागे झाले, तेही कंडक्टरने खांदा हलवला म्हणून. दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षात बसवलं. टॉवरपर्यंत पोचले, स्टुलावर बसले, आणि मग जे झालं ते मला पुढे अनेक लोकांनी आपापल्या मजल्यावरून सांगितलं.

बाबा झोपले. डुलकी नव्हे, झोप. गाढ, शांत, तान्ह्या मुलाची. लिफ्ट वर जात होती, खाली येत होती, आणि तिच्या कोपऱ्यात बाबा भिंतीला टेकून. टॉवरमधली माणसं मोठी समजूतदार निघाली, कुणी त्यांना उठवलं नाही. त्यांच्या खांद्यावरून हात घालून आपापली बटणं दाबली. हळूहळू त्यांचा सरावही झाला. नवव्या मजल्याच्या वहिनी किल्ल्या शोधताना भाजीची पिशवी बाबांच्या मनगटाला अडकवायच्या आणि मग काढून घ्यायच्या. कुणी तरी एकदा ओली छत्री त्यांच्या कोपराला टांगली आणि विसरून गेलं. कुरिअरवाल्याने तर तिसऱ्या मजल्याचं पार्सल त्यांच्या मांडीवर ठेवून मोबाइलवर त्याचा फोटो काढला. डिलिव्हर्ड. (त्या फोटोत पार्सलपेक्षा बाबांचं तोंड जास्त उघडं होतं. कंपनी आमचीच. बिल मी केलं.)

आणि ती न दिसणारी बाई? तिचं राज्यच आलं. "एट्थ फ्लोअर," ती म्हणायची, आणि बाबा उत्तरादाखल नुसते घोरायचे.

घरी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. बाबा संध्याकाळी यायचे ते टवटवीत, आणि का नसणार, दहा तास झोपून आलेले. सांगायचे, आज काम बरं झालं, कुणी काही बोललं नाही. रात्री मात्र पूर्वीपेक्षा जास्त जागे. आता तर त्यांना दोन माणसांची उमेद आली होती. त्यांनी शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप दुरुस्त केला, आमचं कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला नेलं, सकाळी परत आणलं. मी येरझाऱ्या ऐकत पडून राहायचे. आईचीही झोप गेली. पाच दिवसांत घरात झोप येणारा माणूसच उरला नाही, आणि गोळ्या तर चालू होत्या!

मी निष्कर्ष काढला: मुरायला वेळ कमी पडतोय. सातऐवजी सहाला द्या. मी एक तक्ताही केला, वहीच्या पानावर, पट्टीने रेघा मारून. सकाळी गोळी घेतली की बरोबरची खूण, रात्री झोप लागली नाही की फुली. एका बाजूला सगळ्या खुणा बरोबरच्या, दुसऱ्या बाजूला सगळ्या फुल्या. कॉमर्सच्या कुठल्याही विद्यार्थ्याला त्यातून जे दिसायला हवं होतं, ते हायर सेकंड क्लासला दिसलं नाही.

दहाव्या दिवशी ऑफिसात फोन आला. छेडाभाई. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या ग्रॅज्युएट ना?" मी अभिमानाने हो म्हटलं. ते म्हणाले, "मग ताबडतोब या."

हाफ डे टाकला, मेट्रोने घाटकोपर, तिथून रिक्षा. टॉवरच्या लॉबीत छेडाभाई उभे, त्यांच्याबरोबर काठी टेकून डिसोझाआंटी. लिफ्टचं दार उघडलं. आत बाबा. टोपी डोळ्यांवर, मनगटाला कुणाची तरी दुधीची पिशवी, आणि युनिफॉर्मच्या खिशातून प्लॅस्टिकमधली माझी पदवी अर्धी बाहेर आलेली. नावाचीच बाजू वर.

"आठवडाभर असंच आहे," छेडाभाई म्हणाले. "मीटिंगला मी काय बोलू सांगा. औषध घेतलं नाही का यांनी?"

मला लागलं ते. औषध नियमित चालू आहे, माझ्या देखरेखीखाली चालू आहे, तक्ता आहे माझ्याकडे, असं मी एका दमात सांगितलं. चिठ्ठी पर्समध्येच होती, ती उलगडून मी दोघांपुढे धरली आणि एच. एस. वर बोट ठेवलं. "हे बघा. हर सकाळी."

आंटींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चिठ्ठी जवळ घेतली. मग माझ्याकडे बघितलं, आणि अतिशय मायेने, इंजेक्शन देण्याआधी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "बाळा, मी चाळीस वर्षं नर्स होते. एच. एस. म्हणजे झोपताना. ते लॅटिन असतं."

मी चिठ्ठी परत घेऊन मागची बाजूही बघितली. तेवढ्यात लिफ्टमधली बाई बोलली.

"डोअर्स क्लोजिंग."

आणि बाबांना घेऊन लिफ्ट वर निघून गेली.

ती परत खाली येईपर्यंतचा वेळ माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब. आकडे वर जात होते आणि माझ्या डोक्यात बाबा दारात बसलेले दिसत होते, युनिफॉर्म न काढता. त्यांची नोकरी वाचवायला मी औषध आणलं आणि त्याच औषधाने रोज सकाळी सहाला ती बुडवत होते. लॅमिनेट केलेल्या पदवीच्या जोरावर. लिफ्ट आली तेव्हा आंटींनीच काठीच्या टोकाने बाबांचा बूट हलवला. बाबा दचकून उठले, टोपी सरळ केली, म्हणाले, "पाचवा. सावकाश, आंटी." मग त्यांना मी दिसले.

मी सांगून टाकलं. चूक माझी, मी चुकीचं वाचलं, बाबांचा काही दोष नाही, छेडाभाई, त्यांना काढू नका. बाबांनी शांतपणे मनगटावरची दुधीची पिशवी काढून स्टुलावर ठेवली आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"साहेब, पोरगी चुकीचं वाचणार नाही. ग्रॅज्युएट आहे ती. डॉक्टरनेच चुकीचं लिहिलं असेल."

आता हसू की रडू? मी दोन्ही केलं. आंटींनी मला रुमाल दिला. छेडाभाई बराच वेळ कपाळ चोळत राहिले. मग त्यांनी एक विचित्रच प्रश्न विचारला.

"काका, रात्री तुम्ही अजिबात झोपत नाही?"

"डोळ्याला डोळा नाही साहेब. लई उपाय केले." बाबांनी ओशाळून सांगितलं.

"म्हणजे अगदी पहाटेपर्यंत?"

मला वाटलं आता आणखी एक कलम लागतंय. म्हणून मी बाबांची बाजू सावरायला घाईने बोलले की हो, पण त्रास देत नाहीत हो, नुसत्या येरझाऱ्या घालतात, मोटार-पंप काय असेल ते दुरुस्त करतात, कुठे खुट्ट झालं की आधी उठून बघतात...

छेडाभाईंचा चेहरा पंप नीट झाल्यावर पाणी यावं तसा भरत गेला. मग कळलं. टॉवरने वर्षभरात तीन रात्रीचे वॉचमन बदलले होते आणि तिघेही खुर्चीत झोपलेले सापडले होते. तिसऱ्याची तर शिट्टी कुणी तरी गळ्यातून काढून नेली. छेडाभाई रात्री न झोपणारा माणूस गावभर शोधत होते, आणि तो माणूस दिवसा त्यांच्याच लिफ्टमध्ये घोरत होता.

मीटिंगमध्ये पाच मिनिटांत ठरलं म्हणे. बाबांनी एकच अट घातली, स्टूल बरोबर नेणार. लिफ्टमधलं स्टूल गेटवर आलं आणि लिफ्ट त्या बाईला सोडून दिली.

महिन्याने बाबांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. या वेळी फोन बंद करून मी स्वतः आत बसले. रात्रभर ड्युटी करून सकाळी आठला घरी आल्यावर बाबांना डोंगरावरच्या गोंगाटात झोप लागायला जरा त्रास व्हायचा. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, थोडे दिवस अर्धी गोळी चालू ठेवू म्हणाले, आणि लिहिलं: ½ HS. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. चष्म्याला हातसुद्धा लावला नाही.

"समजलं ना?" डॉक्टर म्हणाले. "सोने के टाइम. मतलब आता तुमचं झोपणं सकाळी, तर गोळी पण हर रोज सकाळी."

बाबा माझ्याकडे वळले. त्या चेहऱ्यावरचा आनंद मी पदवीदान समारंभातही बघितला नव्हता. आता गेटवर जो थांबेल त्याला ते झेरॉक्स दाखवून सांगतात, माझ्या चेडवान (चेडू म्हणजे लेक, ती मीच) बरोबरच वाचल्यान होता, ड्युटीच चुकीची होती. मी खोडत नाही. वडीलधाऱ्या माणसाला कुठे उलट बोला.

गोळ्या आणायला मात्र हल्ली आई जाते. केमिस्ट पाकिटावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून देतो, 'अर्धी गोळी, झोपताना.' आणि त्याच्याखाली कंसात, 'ताईंना विचारू नये.'